पानांवरचं नाव मातीत ठेवताना

रामनाम माझ्या तोंडी बसलं वयाच्या अकराव्या वर्षी आणि तुटलं पंचावन्नाव्या वर्षी, माझी ताई गेली त्या दिवशी. तुटलं म्हणजे खरोखरच तुटलं. देवापुढे बसायचे, माळ हातात घ्यायचे, ओठ उघडायचे, आणि नामाच्या जागी नुसता श्वास बाहेर यायचा. लोक म्हणायचे, दुःख ताजं आहे, होईल हळूहळू. आठवडे गेले, महिने गेले, काही झालं नाही. मी नागपुरातल्या एका कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेली बाई. देव आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी तास-तास बोलून पोरांना गोंधळात टाकणं हा माझा धंदाच होता. पण माझं दुखणं ते नव्हतं. देव होता, देव्हाऱ्यातच होता. मलाच त्याच्यापुढे तोंड उघडता येत नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, सावनेरला दिलेली. भाऊजींची तिथे कापसाची शेती. तिचं दुखणं हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि शेवटचे दीड महिने मी तिच्याकडेच राहायला गेले. पहिल्याच दिवशी संकल्प सोडला: ताईच्या आयुष्यासाठी सव्वा लाख रामनाम. जपाला बसलं की मध्ये बोलायचं नाही, हा आमच्या माहेरचा नियम. तिच्या उशाशी खुर्ची टाकून मी डोळे मिटून बसायचे आणि माळेमागून माळ ओढायचे. त्या दुपारी शेवटची माळ चालू होती. पलंग किरकिरला म्हणून मी डोळे किलकिले केले. ताई माझ्याकडे वळली होती. हात जरासा उचलून तिला काहीतरी सांगायचं होतं. आणि मी, तिची लाडकी बहीण, काय केलं? एक बोट वर करून तिला दाखवलं. थांब. एवढी होऊ दे. माळ झाली, सव्वा लाख पुरे झाले, मी वाकून म्हटलं, "बोल गं ताई." तिचे डोळे मिटले होते. ते परत उघडले नाहीत. तेरवी आटोपून मी सावनेर सोडलं ते पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. भाऊजींचे फोन आले की ते ह्यांच्या हातात द्यायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे.

अशा अवस्थेत मी ज्यू धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. आजही कोणाला सांगितलं तर माणूस आधी हसतो. हे तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काहून वं? आपले तेहतीस कोटी कमी पडून राहिले का?" मी त्यांना काहीतरी विद्वत्तेचं उत्तर दिलं. खरं उत्तर वेगळं होतं. कुठेतरी वाचनात आलं होतं की ह्या लोकांत देवाशी भांडणं हा भक्तीचाच एक प्रकार आहे. त्याला जाब विचारतात, त्याच्याशी हुज्जत घालतात, आणि मग त्याच्याचपुढे मान तुकवतात. मला सांत्वन नको होतं. मला भांडायचं होतं, आणि ते रीतसर कसं करतात हे शिकवणारं कोणीतरी पाहिजे होतं.

कॉलेज परदेशातलं, वर्ग कॉम्प्युटरच्या पडद्यावर, अभ्यास दोन वर्षांचा. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत दुपारी चारला मी बसायचे. नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला त्या दुपारी सांगून कळायच्या नाहीत. खिडक्यांना जाड पडदे, कूलरची एकसुरी घरघर, ओल्या वाळ्याचा वास, सगळं घर विहिरीच्या तळाशी असावं तसं गार आणि हिरवट, आणि त्या अंधुक उजेडात पांढऱ्या दाढीचे एक रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू आणि आमचे सर, उजवीकडून डावीकडे बोट सरकवत एकेक अक्षर वाचतायत. त्यांच्याकडे सकाळ, माझ्या डोळ्यांवर झापड. कित्येकदा मला कळायचंच नाही की मी जागी आहे की स्वप्नात कोणाच्या तरी आजोळी येऊन बसले आहे, जिथलं मला कोणी ओळखत नाही पण कोणी उठवतही नाही. त्या चौकोनी अक्षरांचा मला लळा लागला. त्यांच्यात बसलं की थोडा वेळ मी ताईची बहीण नसायचे.

त्या अभ्यासाची रीत न्यारी आहे. एकट्यानं वाचायचंच नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं, उतारा मोठ्यानं वाचायचा आणि प्रश्न विचारून एकमेकांना भंडावून सोडायचं. ह्या जोडीला हवरुता म्हणतात. माझी जोडीदार होती ठाण्याची नाओमी. ती बेने इस्राएल समाजातली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मला तिनंच सांगितलं. चाळिशीची, हसरी, मला काकू म्हणायची. आमची छान गट्टी जमली होती, आणि शेवटची तोंडी परीक्षाही जोडीनंच द्यायची होती.

पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं होतं की त्यांच्या देवाचं एक नाव चार अक्षरांचं आहे. ते लिहिलेलं असतं, पण कोणी उच्चारत नाही. वाचताना ते आलं की त्या जागी 'प्रभू' अशा अर्थाचा दुसरा शब्द म्हणतात. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि कळलं मात्र कवडीचं नाही. कारण मी पानाच्या डोक्यावर श्री लिहिल्याशिवाय पेन न चालणारी बाई. मी वहीच्या प्रत्येक पानावर, वर मधोमध, जिथे श्री लिहायचं तिथे ती चार अक्षरं लिहायला लागले. अगदी घोटून घोटून, देखणी. आणि एवढ्यावरही थांबले नाही. राम तोंडातून येत नव्हता ना, मग विद्वानांनी तर्कानं बांधलेला त्या नावाचा उच्चार पुस्तकांतून शोधून काढला आणि तुळशीच्या माळेवर तेच नाव जपायला बसले. आपली चूल पेटेना म्हणून शेजारणीच्या चुलीतला निखारा न विचारता उचलून आणावा, तसा प्रकार. रोज एक माळ. हे नाव गळ्याबाहेर येत होतं, म्हणून मला भारी वाटत होतं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना हे मी नाओमीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणून दाखवलं. पडद्यावर तिनं पटकन तळहात आपल्याच तोंडावर दाबला. मग म्हणाली, "काकू, माझ्या आजोबांनी हे नाव उभ्या आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं." आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. रागावले नाही, पण आता तुमच्यासमोर बसून वाचणं मला जमणार नाही, असा. तिच्या सभ्यपणानं मला जास्त लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांना मी जे झालं ते सगळं कळवलं. त्यांनी दोष दिला नाही, पण नियम सांगितला. जोडीदाराशिवाय परीक्षा होत नाही. जोडीदाराला हिब्रू आलं पाहिजे असं नाही, तो कोणत्या धर्माचा हेही विचारणार नाही. समोर बसून मनापासून प्रश्न विचारणारं माणूस पाहिजे, बस. सोबत परीक्षेचा उतारा पाठवला होता, तो मी उघडलाही नाही. ह्यांना समोर बसवून पाहिलं. दुसऱ्या ओळीला घोरायला लागले. कॉलेजातली एक मैत्रीण आली, ती प्रत्येक वाक्याला "वा, किती सुंदर" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. वाटलं, काय चालवलं आहे मी हे? एका नावाचा सौदा केला, दुसऱ्याची चोरी केली, आणि वर पदवी पाहिजे! सगळ्या वह्या, सगळी छापील पानं एका कापडी पिशवीत कोंबली आणि सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे द्यायला निघाले. माझ्यासाठी ती रद्दी फक्त अभ्यासाची नव्हती. मी देवाशी बोलण्याचा शेवटचा प्रयत्नच टाकून द्यायला निघाले होते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, चालू होता. रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, माणूस नाही, कुत्रं नाही. मेट्रोत चढलं की मात्र बाहेरचं ऊन एकदम खोटं वाटायला लागतं. गार डबा आवाज न करता घरांच्या गच्च्यांवरून सरकत होता. खाली पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, पांढऱ्या उजेडात विरघळत चाललेलं आपलंच गाव. मी डुलत होते की काय कोण जाणे, पिशवीचा बंद कधी तुटला ते कळलं नाही. वह्या घसरल्या, सुटी पानं सगळ्या डब्यात पसरली. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. पिकलेले केस, फिकट सुती साडी. एक पान जाऊन थेट तिच्या चपलेखाली सरकलं. तिनं खाली पाहिलं, आणि पाय झटकन उचलून तसाच अधांतरी धरून ठेवला. मी पान काढेपर्यंत तिनं पाय खाली टेकवला नाही. मग ते पान माझ्या हातून घेतलं, वरच्या चार अक्षरांवर बोटं टेकवली आणि ती बोटं ओठांना लावली.

"हे कोणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"मी."

"आणि कुठे घेऊन चाललीस?"

"रद्दीत."

"अगं बाई!" ती एवढ्या जोरात म्हणाली की डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या. "हे नाव असलेला कागद टाकत नसतात. जीर्ण झाला तर माणसासारखा मातीत ठेवतात." आणि तिनं खाली वाकून, गुडघ्याला हात लावत लावत, एकूण एक पान गोळा केलं, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. "आता ही मी देत नाही," म्हणाली.

त्यांचं नाव मिल्काबाई. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, यजमान रेल्वेत होते म्हणून लग्नानंतर नागपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. आता यजमान नाहीत, मुलगी इस्राएलमध्ये, आणि तीन आठवड्यांनी त्या कायमच्या तिच्याकडे निघाल्या होत्या. बॅगेला बांधायचा पट्टा आणायला बर्डीवर चालल्या होत्या. एरवी शेजारीण स्कूटरवर नेते, आज तिची स्कूटर पंक्चर, म्हणून जन्मात पहिल्यांदा मेट्रोत बसल्या होत्या. आणि राहत कुठे होत्या? मनीषनगरला, आमच्या मागच्या गल्लीत. अकरा वर्षं. मी हे काही सिद्ध करायला सांगत नाही. जसं झालं तसं लिहिते आहे.

सीताबर्डीला आम्ही दोघी उतरलो, पण ना रद्दीवाल्याकडे गेलो ना पट्ट्याच्या दुकानात. स्टेशनातल्या गार बाकावर बसलो आणि मी त्यांना त्या नावाच्या जपाची, नाओमीची, परीक्षेची सगळी कथा सांगितली. आता बोलणी बसणार म्हणून खाली मान घालून बसले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे चोरून खाल्लंस. पण भूक लागली होती म्हणूनच खाल्लंस ना?" मी मान हलवली. "मग आता नीट पानावर बस. तुला प्रश्न विचारणारं माणूस पाहिजे आहे? चाळीस वर्षं मी यजमानांना दुसरं काय केलं?" आणि खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज चारला मिल्काबाई, आता माझ्या मावशी, यायला लागल्या. दारातून आत येताना सवयीनं त्यांचा हात उजव्या चौकटीकडे जायचा. ज्यूंच्या घरी तिथे प्रार्थना लिहिलेली छोटी डबी ठोकलेली असते. आमच्याकडे काही नसायचं, मग त्या चौकटीलाच दोन चापट्या मारून आत यायच्या. मठ्ठ्याचा ग्लास घेऊन समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, वाच." मी न उघडलेला तो उतारा उघडला. आजाऱ्याला भेटायला जाण्याबद्दलचा होता. मी हिब्रूतून वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि मावशी प्रत्येक ओळीला विचारायच्या, "काहून?" त्यांची बोली अजून अलिबागची होती, पण एवढा एक शब्द त्यांनी नागपूरकडून मनापासून घेतला होता. सुरुवातीला मला चीड यायची. मग लक्षात यायला लागलं की मी ज्या ओळी समजल्या म्हणून पुढे गेले होते त्या मला मुळीच समजल्या नव्हत्या. कूलर घरघरत राहायचा, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवरून सरकत त्यांच्या पायांशी जायची, आणि वेळ कुठे गेला ते दोघींनाही कळायचं नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी एक ओळ आली. आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा उचलून नेतो, अशी. मावशींनी ग्लास खाली ठेवला. "मग साठ जणं पाठवली तर? बरा होईल ना तो?" मी हसून पान उलटलं, आणि पुढची ओळ पाहून माझ्या अंगावर काटा आला. नेमका हाच प्रश्न तिथे लिहिलेला होता. शेकडो वर्षांपूर्वी कोणा गुरूला कोणा शिष्यानं विचारलेला. उत्तरही होतं. पहिला माणूस साठावा हिस्सा नेतो, दुसरा उरलेल्याचा साठावा, तिसरा त्यातूनही उरलेल्याचा. म्हणजे कितीही माणसं आली तरी थोडंसं उरतंच.

"उरतंच," मावशी म्हणाल्या. मला सव्वा लाख आठवले. खालची ओळ वाचायला घेतली तर ती त्याहून अवघड. त्यात म्हटलं होतं की आजाऱ्याच्या उशाशी देवाचं सान्निध्य असतं. त्याला ते शेखिना म्हणतात, आणि ती त्यांच्या भाषेत बाई आहे. म्हणून भेटायला येणाऱ्यानं उशाशी बसू नये, ती जागा भरलेली असते. मी थांबले. मावशी म्हणाल्या, "काहून थांबलीस?" मी वाचायचा प्रयत्न केला, जमेना. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "काहून गं?"

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते बोट कोणालातरी सांगितलं. उशाशी टाकलेली खुर्ची सांगितली, शेवटची माळ सांगितली, ताईचा उचललेला हात सांगितला. म्हटलं, "तिला काहीतरी सांगायचं होतं मावशी, आणि मी देवाचं नाव मोजत होते. माझे डोळे मिटलेले होते." मावशींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "तुझे मिटलेले होते. पण उशाशी जी होती तिचे तर उघडे होते ना? तुझ्या ताईकडे कोणीतरी पाहत होतं गं." मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "मग मला थांबवलं काहून नाही तिनं?" त्या म्हणाल्या, "ते मला नाही माहीत. ते तू तिलाच विचार. तुझं भांडण अजून बाकी आहे, ते कर." असं म्हणून त्यांनी माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. मी लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले. हे दारातून डोकावले आणि पाण्याचा तांब्या ठेवून गुपचूप निघून गेले.

परीक्षेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पडद्यावर सर, आणि त्यांच्यापुढे आम्ही दोघी, एकाच खुर्चीइतक्या जागेत दाटीवाटीनं. मावशी मराठीत विचारत, मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगून मग उत्तर देत होते. साठ माणसांचा प्रश्न आला तेव्हा सर दाढीवरून हात फिरवत हसले आणि त्यांनी मावशींना हात जोडले. मी पास झाले. पण माझं मन पिशवीत होतं. पानं मातीत ठेवायची बाकी होती, आणि मावशी आठवड्यात जाणार होत्या. मी म्हटलं, कुठे ठेवायची? त्या म्हणाल्या, आमची जागा तर कोकणात राहिली. कोणी तुडवणार नाही अशी स्वच्छ माती पाहिजे. तुझी आपली म्हणावी अशी माती कुठे आहे? ह्या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होतं, आणि तेच मला तोंडावर आणायचं नव्हतं. तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी मी स्वतः भाऊजींना फोन लावला. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "ये ना वं. विचारून काय राहिली?"

ऊन चढायच्या आत पोहोचायचं म्हणून आम्ही उजाडताना निघालो. हे गाडी चालवत होते, मागे मी आणि मावशी, आमच्या मध्ये पिशवी. शेत नांगरून मोकळं पडलेलं, काळं, क्षितिजापर्यंत. सकाळच्या धुरकट उजेडात ते जमिनीसारखं दिसतच नव्हतं, एखाद्या स्थिर पाण्यासारखं दिसत होतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंबाखाली भाऊजींनी आधीच खड्डा खणून ठेवला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गडी न लावता स्वतः खणला होता. मावशींनी पानं पांढऱ्या कापडात गुंडाळली, त्यात आपल्या वडिलांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची निखळलेली पानंही ठेवली, आणि आम्ही दोघींनी मिळून ती खाली ठेवली. त्या काहीतरी पुटपुटल्या. नावाच्या जागी त्यांनी दुसरा शब्द म्हटला, ते मला कळलं. भाऊजींनी माती ओढली. दूर कुठेतरी होला पक्षी घुमत होता.

त्या शांततेत मी भाऊजींकडे वळले आणि त्यांना सगळं सांगितलं. शेवटची माळ, ताईचा हात, माझं बोट. त्यांच्या डोळ्यांत पाहायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या फावड्याकडे पाहून बोलले.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी दारातच उभा होतो."

मी विचारलं, "तिला काय सांगायचं होतं, भाऊजी?"

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तुह्या चहाकडे हात करून राहिली होती. मीच ठेवला होता स्टुलावर. निवून चालला होता. तू बोट दाखवलं तं हसली. माह्याकडे पाहून हळूच म्हणे, राहू द्या, हे नाही ऐकायची. मंग झोपली." मग म्हणाले, "दोन वर्षांपासून तुले फोन करून राहिलो ते हेच सांगाले. दुसऱ्याजवळ निरोप ठेवायसारखी गोष्ट नव्हती ना वं ते."

मी तिथेच धुऱ्यावर खाली बसले. चहा! दोन वर्षं मी त्या उचललेल्या हातात काय काय घालून पाहिलं होतं. शाप, निरोप, शेवटची इच्छा. आणि माझी ताई मरता मरता माझा चहा गार होतो म्हणून जीव टाकत होती. भाऊजींनी हे खरं सांगितलं की माझ्यासाठी रचलं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. एवढं मला त्यांच्यावर सोडता आलं.

परतताना मावशींना झोप लागली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर हलत होतं. बाहेर कापसाची रानं, कोळशाचे ट्रक, उन्हात थरथरणारा रस्ता, सगळं एका संथ स्वप्नासारखं मागे चाललं होतं. मला कधीतरी जाणवलं की माझे ओठ हलतायत. राम. राम. हातात माळ नव्हती, कितवं ते ठाऊक नव्हतं, ते ताईसाठी नव्हतं, माझ्यासाठीही नव्हतं. मी दचकले नाही. ते जसं आलं तसं येऊ दिलं.

मावशी ठरल्या दिवशी गेल्या. जायच्या आधी त्यांनी आमच्याकडे मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. मनातलं काही पार पडलं की त्यांच्यात हा करतात. हे दोनदा मागून घेऊन जेवले. नाओमीला मी मोठं पत्र लिहिलं, माफी मागितली. तिचं उत्तर आलं, आता अधूनमधून फोनही येतो. ते चार अक्षरांचं नाव मी पुन्हा घेतलं नाही, लिहिलंही नाही. नाव न घेण्यातही एवढी माया असते, हे मला माझ्या घरात राहून कधी कळलं नसतं, आणि ते शिकवायला आलेल्या माणसाला ज्यानं त्या डब्यात आणून बसवलं त्याचे उपकार मी कोणत्या तोंडानं फेडू! आधी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे संकल्प तडीला नेणं. आता वाटतं, आपल्याकडून नेहमी थोडं उरणारच आहे, आणि ते उरलेलं त्याच्यापाशी ठेवून उठता आलं पाहिजे. भाऊजींशी दर रविवारी बोलते. रोज सकाळी देवापुढे बसते, राम येतो. आता जपाच्या मध्येच कोणी हाक मारली, तर मी आधी ओ देते.